बिंदू, सुया आणि स्पर्श : स्वमग्न मुलांसाठी ॲक्युप्रेशर आणि ॲक्युपंक्चर

सुया टोचून किंवा शरीरावरचे ठरावीक बिंदू दाबून मुलाची स्वमग्नता जाते का? पालक हा प्रश्न डॉक्टरांना विचारतात, नातेवाइकांना विचारतात, व्हॉट्सॲपच्या गटांवर विचारतात. उत्तर प्रकरणाच्या शेवटापर्यंत राखून ठेवायचं कारण नाही. जात नाही. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, ही मेंदूची वेगळी घडण आहे. तिची सुरुवात बाळ पोटात असतानाच होते. ती बदलून टाकणारा बिंदू मनगटावर, कानावर किंवा डोक्यावर आजवर कोणाला सापडलेला नाही.

तरीही या विषयाला स्वतंत्र प्रकरण द्यावं लागतं. कारण पालकांची गरज खरी आहे. मूल रात्री दोन वाजता उठतं आणि पहाटेपर्यंत घरभर फिरतं. केस विंचरायला घेतले की किंचाळतं. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. शाळेत घंटा वाजली की कान घट्ट दाबून कोपऱ्यात बसतं. या रोजच्या त्रासावर काही उतारा मिळेल का, याच्या शोधात आईवडील असतात आणि त्या शोधात कधी ना कधी ॲक्युप्रेशरवाल्यांचा पत्ता हाती येतोच. त्या दाराशी जे मिळतं त्यातलं काही उपयोगाचं आहे, काही निरुपयोगी आहे आणि थोडं धोक्याचंही आहे. ते वेगवेगळं करून दाखवणं हे या प्रकरणाचं काम.

सुया भारतात आल्या त्या वाटेने

ॲक्युपंक्चर मूळचं चीनचं. भारतात ते ज्या वाटेने आलं तिच्याशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, ऐन तारुण्यात, तिथेच गेले. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे त्यांची कथा घराघरात पोहोचली. बसू मात्र परतले, पुढे १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतातल्या आधुनिक ॲक्युपंक्चरची सुरुवात तिथे मानली जाते.

महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चर करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी परिषदेची तरतूद केली. २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे सुया टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत आहे की नाही, हे आता विचारता येतं आणि विचारायलाच हवं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पद्धतीला मान्यता मिळाली म्हणून ती प्रत्येक आजारावर लागू पडते असं सिद्ध होत नाही. दवाखान्याच्या भिंतीवरचं नोंदणीचं प्रमाणपत्र त्या माणसाचं शिक्षण सांगतं. तुमच्या मुलाला गुण येईल की नाही हे ते सांगू शकत नाही.

ॲक्युप्रेशर आपल्याकडे वेगळ्या वाटेने रुजलं. लाकडी रोलर, काटेरी पट्टी, बागेतली गोट्यांची पायवाट, तळव्याच्या चित्रावर यकृत आणि मूत्रपिंड रंगवलेले तक्ते हे सगळं मराठी घरांत चाळीसएक वर्षं आहे. त्यातला मोठा भाग चिनी नाहीच. तळपायावर सगळे अवयव मांडणारी रिफ्लेक्सॉलॉजी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत घडली. हाताच्या बोटांवर अख्खं शरीर पाहणारी सुजोक ही कोरियाच्या पार्क जे वू यांची अलीकडची पद्धत. आपल्याकडे एकाच दवाखान्यात या तिन्हींची मिसळ होते आणि सगळ्याला ॲक्युप्रेशर असं एकच नाव मिळतं.

मुलाच्या अंगावर नेमकं काय करतात?

चिनी वैद्यकाच्या कल्पनेप्रमाणे 'ची' नावाची प्राणशक्ती शरीरातल्या वाहिन्यांतून वाहते आणि तिच्यात अडथळा आला की विकार होतो. वाहिन्यांवरच्या बिंदूंना टोचून किंवा दाबून प्रवाह मोकळा करायचा, हे उपचारामागचं तत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अशा ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित केल्या. त्यामुळे कुठे टोचायचं यावर एकमत झालं. टोचल्याने काय साधतं, हा प्रश्न त्या यादीच्या कक्षेत नव्हता.

स्वमग्न मुलांसाठी साधारणपणे डोक्यावरचे आणि मनगटावरचे बिंदू निवडतात. डोक्याच्या माथ्यावरचा 'बाइहुइ', त्याच्या चहूबाजूंचे चार बिंदू, दोन भुवयांच्या मधला 'यिनतांग', मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला येणारा 'शेनमेन'. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मध्ये 'नेइग्वान'. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर 'झूसानली'. ही बोटं मोजायची ती ज्याच्यावर उपचार करायचे त्याच्याच हाताची. पाच वर्षांच्या मुलाची तीन बोटं म्हणजे मोठ्या माणसाची जेमतेम दोन. आईने स्वतःच्या बोटांनी मोजलं तर बिंदू चुकतो. पुस्तकातलं चित्र पाहून घरी प्रयोग करणाऱ्यांच्या हे बहुधा लक्षात येत नाही.

सुई पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची, भरीव. इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच बारीक. लहान मुलांना ती टोचून लगेच काढतात किंवा काही मिनिटं ठेवतात. काही ठिकाणी सुयांना बारीक विजेचा प्रवाह जोडतात. चीनमध्ये डोक्याच्या त्वचेखाली आडव्या सुया सरकवण्याची पद्धत १९७० नंतर पसरली. भाषेचं केंद्र मेंदूच्या ज्या भागात आहे, त्याच्या वर येणाऱ्या टाळूच्या पट्ट्यात सुई ठेवायची, असा त्यामागचा विचार. ऐकायला तो पटतो. पण सुई कातडीखालीच राहते. मेंदू आणि तिच्यामध्ये कवटीचं हाड असतं. हाँगकाँग विद्यापीठाच्या बालमेंदूविकारतज्ज्ञ व्हर्जिनिया वाँग यांनी तर जिभेवरच्या बिंदूंनाही टोचून पाहिलं आणि त्याचे निकाल वैद्यकीय नियतकालिकांत मांडले.

चाचण्यांनी काय दाखवलं?

एखाद्या उपचाराचा गुण पाहायचा तर मुलांचे दोन गट करावे लागतात. कोणतं मूल कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. एका गटाला खरा उपचार, दुसऱ्याला त्याच्यासारखाच दिसणारा खोटा उपचार, आणि मूल्यमापन करणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते ठाऊक नसायला हवं. ॲक्युपंक्चरसाठी खोटा उपचार म्हणजे बिंदूपासून दूर टोचणं, वरवर टोचणं, किंवा आत न जाता स्वतःच्या दांड्यात मागे सरकणारी बोथट सुई वापरणं.

अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये घेतला. हाँगकाँग, चीन आणि इजिप्तमधल्या १० चाचण्या, ३ ते १८ वर्षांची ३९० मुलं, उपचाराचा काळ चार आठवड्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत. खऱ्या सुया आणि खोट्या सुया यांची तुलना दोन चाचण्यांनी केली होती. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. संवाद, आकलन अशा काही दुय्यम मोजमापांत थोडा फरक दिसला. ॲक्युप्रेशरच्या दोन चाचण्या होत्या, पण मूळ लक्षणांचं मोजमाप त्यांनी दिलंच नव्हतं. सध्याचा पुरावा पाहता स्वमग्नतेसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस करता येत नाही, असा निष्कर्ष निघाला.

दुय्यम मोजमापांत फरक दिसला ना, मग तेही काही कमी नाही, असं पालकांना वाटणं साहजिक आहे. इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. शास्त्रज्ञ साधारणपणे असा नियम पाळतात की एखादा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी असेल, तरच तो मोजायचा. आता एकाच चाचणीत वीस वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या, तर काहीही गुण नसताना त्यातली एखादी गोष्ट योगायोगाने नियमात बसू शकते. हाँगकाँगच्या २०१० च्या एका चाचणीत ५५ मुलांना चार आठवड्यांत १२ वेळा विजेच्या किंवा खोट्या सुया दिल्या गेल्या. भाषेचं आकलन आणि स्वतःची कामं स्वतः करणं यांत सुधारणा नोंदली गेली. बाकी बऱ्याच बाबतींत फरक पडला नाही. असा निकाल हा पुढच्या, मोठ्या चाचणीसाठी प्रश्न असतो. तो पालकांनी पैसे भरावेत एवढा पक्का नसतो.

२०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २७ चाचण्यांचा आणि १,७३६ मुलांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात नेहमीच्या प्रशिक्षणाला ॲक्युपंक्चरची जोड दिलेल्या मुलांचे लक्षणांचे गुण अधिक सुधारलेले दिसले. पुरावा म्हणून ही बाजूही सांगायला हवी. अडचण अशी की अशा चाचण्यांत दुसऱ्या गटाला खोट्या सुया नसतात, फक्त नेहमीचं प्रशिक्षण असतं. कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे सुधारणा सुईमुळे झाली, की जास्तीच्या लक्षामुळे, वेळेमुळे आणि अपेक्षेमुळे, हे सांगता येत नाही.

अपेक्षेचं बळ किती असतं, हे मोठ्यांच्या पाठदुखीवर जर्मनीत झालेल्या चाचणीने दाखवून दिलं आहे. २००७ मध्ये तिचे निकाल आले. १,१६२ रुग्णांपैकी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्या ४७.६ टक्क्यांना आराम पडला, चुकीच्या जागी वरवर टोचून घेतलेल्या ४४.२ टक्क्यांना पडला, आणि औषध-व्यायाम घेतलेल्यांत हे प्रमाण २७.४ टक्के होतं. सुयांनी बरं वाटलं हे खरं. पण सुई कुठे टोचली याने जवळपास काही बिघडलं नाही.

'आमच्या मुलाला फरक पडला' असं का वाटतं?

असं सांगणारे आईवडील खोटं बोलत नसतात. त्यांनी फरक पाहिलेला असतो. प्रश्न त्या फरकाच्या कारणाचा आहे. स्वमग्न मूलही वाढत असतं. तिसऱ्या वर्षी न बोलणारी काही मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी बोलू लागतात. त्याच सहा महिन्यांत सुयाही चालू असतात, स्पीच थेरपीही चालू असते आणि शाळाही बदललेली असते. श्रेय मात्र ज्यासाठी लांबचा प्रवास केला, जास्त पैसे मोजले, त्याला मिळतं. शिवाय मुलाचा सगळ्यात वाईट काळ चालू असताना पालक नवा उपाय शोधतात. वाईट काळ आपसूकच ओसरतो, आणि उपायाला यश आल्यासारखं दिसतं.

याचं ठळक उदाहरण सिक्रेटिनचं आहे. हे पचनाशी संबंधित संप्रेरक. एका तपासणीसाठी ते टोचलेल्या मुलाची स्वमग्नता कमी झाली, अशी बातमी १९९८ मध्ये अमेरिकेत पसरली आणि हजारो पालकांनी आपल्या मुलांना ते टोचून घेतलं. १९९९ मध्ये ६० मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी. दोन्ही गटांतली मुलं सुधारल्याची नोंद झाली आणि दोन्हींत फरक नव्हता. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांनी आपल्याला सिक्रेटिनमध्ये रस असल्याचं सांगितलं. त्या पालकांना नावं ठेवायचा अधिकार कोणालाही नाही. मुलाच्या तोंडून एक शब्द ऐकायला जीव आसुसलेला असतो, तेव्हा शब्दासारखा भासणारा आवाजही शब्दच वाटतो. म्हणूनच उपचाराची परीक्षा आशेच्या बाहेर उभं राहून करावी लागते.

स्पर्शाची गोष्ट मात्र खरी आहे

आता दुसरी बाजू. बिंदू आणि वाहिन्या बाजूला ठेवल्या तरी ॲक्युप्रेशरमध्ये एक गोष्ट उरते, ती म्हणजे हाताचा दाब. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तिला महत्त्व आहे. या मुलांपैकी अनेकांना स्पर्श फार तीव्र लागतो किंवा फार बोथट लागतो. २०१३ पासून निदानाच्या अमेरिकन निकषांतच या संवेदनांच्या वेगळेपणाचा समावेश झाला. शर्टाच्या कॉलरचं लेबल असह्य होतं, हळुवार कुरवाळणं नको असतं, पण जड गादीखाली शिरून बसायला आवडतं. हलक्या स्पर्शाने बिथरणारं मूल खोल, घट्ट दाबाने शांत होतं, असं अनेक पालकांनी पाहिलेलं असतं.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण टेम्पल ग्रँडिन यांचं. त्या स्वतः स्वमग्न आहेत, पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. ॲरिझोनात सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गोठ्यावर त्यांनी लस देताना गुरांना दोन बाजूंनी आवळून धरणारा पिंजरा पाहिला. त्यात गुरं शांत होतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. दोन गादीदार फळ्या, आणि दाब कमी-जास्त करायची कळ त्यांच्याच हातात. माणसांच्या मिठीने त्या घाबरत, या यंत्राने त्यांचं मन निवत असे. यातली कळ लक्षात ठेवावी. दाब केव्हा, किती आणि कधी थांबवायचा, हे ठरवणं त्यांच्या हाती होतं, म्हणून तो दाब सुखाचा झाला.

अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लुइसा सिल्वा या डॉक्टरने चिनी मालिशवर आधारित घरगुती कार्यक्रम तयार केला. पालकांनी रोज १५ मिनिटं, पाच महिने, डोक्यापासून पायापर्यंत ठरावीक क्रमाने थोपटणं आणि दाबणं. त्यांच्या अभ्यासांत मुलांची स्पर्शाची तीव्रता कमी झाली, झोप आणि शांत होण्याची क्षमता सुधारली आणि पालकांवरचा ताणही उतरला. उणिवा त्यातही होत्या. बरंचसं मोजमाप पालकांनी केलेलं, तुलनेचा गट नुसता वाट पाहणारा, आणि कार्यक्रम बनवणारी व्यक्तीच त्याची परीक्षा घेणारी. तरी त्यातून हाती येतं ते असं : सुई नाही, खर्च नाही, हात आईवडिलांचे.

दाबाच्या मर्यादाही पाहाव्यात. जड पांघरुणाची चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि २०१४ मध्ये निकाल आला. ६७ स्वमग्न मुलांनी ती पूर्ण केली. झोपेचा काळ यंत्राने मोजला, तो वाढला नाही. तरीही मुलांना आणि पालकांना साध्या पांघरुणापेक्षा जड पांघरूण आवडलं. म्हणजे दाबाने मूल सुखावतं हे खरं. त्याने झोपेचा प्रश्न सुटेलच असं नाही.

धोके

मुलांच्या ॲक्युपंक्चरमधल्या इजांचा आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या ३७ अहवालांत २७९ इजा नोंदल्या होत्या. त्यातल्या २५३ किरकोळ होत्या, जसं रडणं, दुखणं, थोडं रक्त येणं. पण २५ गंभीर होत्या. अंगठा कायमचा वाकडा होणं, जंतुसंसर्ग, फुफ्फुसाभोवती हवा शिरणं, हृदयाला भोक पडणं. यांतल्या अनेक इजा निकृष्ट कामामुळे झाल्या असाव्यात, असं संशोधकांचं मत होतं. नीट शिकलेल्या हातात सुई बहुतेक वेळा सुरक्षित असते. पण स्वमग्न मूल एका जागी पडून राहत नाही, अचानक झटका देतं, म्हणून धोका वाढतो. मुलाला अपस्मार असेल, म्हणजे फिट येत असतील, किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुया आणि विशेषतः विजेचा प्रवाह नको.

एक धोका आपल्याकडे खास आहे. सुजोक पद्धतीत बोटांवर मेथीचे दाणे, मोहरी किंवा बारीक चुंबक चिकटपट्टीने लावतात. अनेक स्वमग्न मुलांना वस्तू तोंडात घालायची सवय असते. दाणा नाकात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतो. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वळ्या एकमेकींशी चिकटवून मधली भिंत फाडतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. असं मूल घरात असेल तर चुंबक लावूच देऊ नका.

आणखी एक इजा कोणत्याच अहवालात येत नाही. चार माणसांनी दाबून धरलेलं, किंचाळणारं मूल आणि त्याच्या डोक्यात सुया. ज्या मुलाला स्पर्शाचीच भीती आहे, त्याला स्पर्शाची आणखी भीती शिकवणारा हा उपचार आहे. कोणताही उपचार त्या किमतीला घ्यायच्या लायकीचा नसतो.

सुयांच्या बरोबरीने 'शरीरातली विषं काढणारं' औषध सुचवलं, तर तिथून उठून यावं. स्वमग्नतेसाठी शरीरातले धातू काढणारं इंजेक्शन देताना २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचं मूल दगावलं. ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये ही प्रक्रिया, सिक्रेटिन आणि प्राणवायूच्या उच्च दाबाची खोली हे तिन्ही वापरू नका असं स्पष्ट सांगितलं.

घरी करायचं असेल तर

सुई घरी कधीही नाही. हाताचा दाब मात्र आईवडील, आजी-आजोबा देऊ शकतात. बाळाला तेल लावून अंग चोळायची रीत आपल्याकडे आहेच. हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

वेळ ठरलेली असावी, शक्यतो झोपेच्या आधीची. खोलीत दिवा मंद, टीव्ही बंद. आधी तुमचे हात मुलाला दाखवा आणि काय करणार ते थोडक्या शब्दांत सांगा किंवा चित्राने दाखवा. सुरुवात चेहऱ्यापासून किंवा डोक्यापासून करू नका. तिथला स्पर्श सर्वांत नकोसा असतो. खांद्यापासून हातापर्यंत तळव्याने सावकाश, सलग दाबत या. मग मनगटाची आतली बाजू, नंतर पाय. अंगठ्याने दाबताना तुमच्या नखाचा रंग थोडा पांढरट होईल इतपतच दाब पुरे. एका जागी काही श्वास थांबा आणि सोडा. बारीक कुरवाळणं टाळा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची टाळू भरलेली नसू शकते, म्हणून डोक्याच्या माथ्यावर दाब मुळीच देऊ नका.

मूल हात झिडकारतं, चेहरा वळवतं, श्वास रोखतं, तर तो नकार आहे. तिथेच थांबा. ते आपला हात तुमच्या हातात देतं, 'अजून' असं खुणेने किंवा चित्राने सांगतं, तर तो होकार आहे. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याने 'थांब' आणि 'अजून' या दोन गोष्टी मागायला शिकणं, हाच संवादाचा मोठा धडा आहे. रोजची ही काही मिनिटं त्या धड्यासाठी वापरली, तर बिंदू चुकला तरी वेळ वाया जात नाही.

परिणाम पाहायचा असेल तर एकच गोष्ट निवडा. झोप लागायला किती मिनिटं लागतात, किंवा रात्री किती वेळा उठतं. सुरू करण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा, मग सहा आठवडे करून लिहा. त्या काळात दुसरा नवा उपाय सुरू करू नका. वहीत फरक दिसला नाही, आणि मुलाला आवडतही नसेल, तर बंद करा. मुलाला आवडत असेल तर चालू ठेवायला तेवढं कारण पुरेसं आहे.

आधी काय, नंतर काय

पूरक उपचाराचं स्थान मुख्य उपचाराच्या शेजारी असतं. मुख्य म्हणजे लवकर निदान, वाचा-भाषा उपचार, ऑक्युपेशनल थेरपी आणि पालकांना मुलाशी खेळण्या-बोलण्याचं प्रशिक्षण. याचा पुरावा दूर शोधायला नको. गोव्यात संगत या संस्थेतर्फे आणि पाकिस्तानात रावळपिंडीत एकाच वेळी चाचणी झाली, तिचा निकाल २०१६ मध्ये आला. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी सहा महिन्यांत १२ बैठका घेतल्या. पालक मुलाबरोबर खेळतानाचं चित्रीकरण पाहायचं आणि मुलाचा कल ओळखून त्याला साथ कशी द्यायची ते शिकायचं. पालक मुलांशी अधिक जुळवून घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून संवाद साधू लागली. हा निकाल चिठ्ठ्या टाकून, तुलनेचा गट ठेवून मिळालेला आहे.

शासनाच्या योजनाही वापराव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत लवकर निदान आणि उपचाराची केंद्रं आहेत आणि तिथली सेवा मोफत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठीचं मोजमाप ४० प्रश्नांच्या भारतीय मापनपट्टीने होतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्न व्यक्तीला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

एवढं करूनही सुयांचा अनुभव घ्यायचा असं तुम्ही ठरवलंत, तर जाताना पाच प्रश्न बरोबर न्या. तुमची नोंदणी आहे का? सुया दर वेळी नव्या, बंद पाकिटातून, माझ्यासमोर उघडाल का? कोणत्या एका त्रासासाठी हा उपचार आहे आणि किती आठवड्यांत फरक दिसायला हवा? फरक नाही दिसला तर थांबायचं कधी? मूल नको म्हणालं तर तुम्ही काय कराल? जो या पाचांची सरळ उत्तरं देतो, त्याच्याकडे विचार करता येईल. 'स्वमग्नता मुळातून काढतो', 'स्पीच थेरपी बंद करा', 'फिटच्या गोळ्या थांबवा', 'चाळीस बैठकांचे पैसे आधी भरा' यांपैकी एकही वाक्य कानावर आलं, तर परत फिरा.

घरातला पैसा आणि आईवडिलांची ताकद दोन्ही मोजकीच असतात. त्यांचा पहिला वाटा मुलाला बोलायला, खेळायला, स्वतःचं स्वतः करायला शिकवणाऱ्या कामावर खर्च करा. सुयांवर नाही केला तरी मुलाचं काही नुकसान होत नाही. हाताच्या दाबाला पैसे लागत नाहीत. मुलाला तो हवा असेल तर रोज द्या, नको असेल तर देऊ नका.